फिट आली की आपला हात कुठे जातो?

आशाताईंच्या मासिक बैठकीत मी विचारते, "फिट आलेल्याला कांदा हुंगवायचा का?" सगळ्या जणी एका सुरात म्हणतात, "नाही." "तोंडात चमचा घालायचा का?" "नाही." "शिवल्याने हा आजार होतो का?" "नाही." मग मी पुढे काही न बोलता सतरंजीवर आडवी होते, अंग ताठ करते, दात आवळते आणि हातपाय झाडायला लागते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक जण माझे दंड दाबून धरायला धावली, दुसरीने दाराबाहेरची चप्पल आणून नाकाशी धरली, तिसरीने कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या मुठीत कोंबला. पाच मिनिटांपूर्वी तिघींनीही 'नाही' म्हटलं होतं.

बीड जिल्ह्यात २८ वर्षं मी आधी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, आणि नंतर आरोग्य सहाय्यिका म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावरही प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा जाते. फिटच्या आजाराबद्दल लोकांना काय ठाऊक आहे आणि त्यांच्या मनात काय आहे, हे तोंडी प्रश्नांनी कळत नाही, हे मला त्या सतरंजीवर पडल्या पडल्या समजलं. पेशंटच्या घरीही तीच गत. "गोळ्या वेळेवर घेतो ना?" "हो." आपल्या प्रश्नातच उत्तर असलं की माणसं तेच उचलून आपल्याला परत देतात. म्हणून विचारायचं कसं, बघायचं काय आणि सांगायचं किती, ते लिहिते आहे. आशाताई, सिस्टर, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी हे आहे, आणि ज्यांच्या घरात फिटचा पेशंट आहे त्यांच्यासाठीही.

सुरुवात आपल्यापासून

आम्ही शिकत होतो त्या काळात कापड गुंडाळलेला चमचा दातांमध्ये सरकवायचा म्हणजे जीभ चावली जात नाही, असंच शिकवलेलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वस्तीवर लसीकरणाला गेले असताना १४ वर्षांच्या मुलीला माझ्यासमोर फिट आली. मी चमचा मागवला, त्याला गॉज गुंडाळलं आणि जोर लावून दात उघडले. समोरचे दोन दात तुटले. एक तुकडा मी घशाजवळून बोटाने काढला. तो आत गेला असता तर मुलगी गुदमरली असती. आईने माझे पाय धरले, म्हणाली, "सिस्टर होत्या म्हणून वाचली." ती मुलगी पुढे कितीदा तरी दिसली. बोलताना ओढणी तोंडावर धरायची. मी काहीही केलं नसतं तरी तिची फिट आपोआप थांबणार होती, हे मला फार उशिरा कळलं.

ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत आधी सांगते. मी सांगितल्याशिवाय बाकीच्या आपलं सांगत नाहीत, आणि आपलं चुकलेलं सांगितल्याशिवाय ते सुटत नाही.

त्यानंतर चिठ्ठ्या वाटायच्या. नाव लिहायचं नाही, फक्त हो किंवा नाही. भावाला सांगून आलेल्या मुलीला फिटची गोळी चालू आहे असं कळलं तर बोलणी पुढे न्याल का? फिट येणारं लेकरू अंगणवाडीत तुमच्या लेकराशेजारी बसलं तर चालेल का? फिटचा पेशंट पुढे वेडा होतो असं वाटतं का? फिट येणाऱ्या बाईच्या हातचं जेवाल का? फिट येणारा गडी तुमच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून ठेवाल का? हात वर करून विचारलं तर लग्नाच्या प्रश्नालासुद्धा सगळ्या 'हो' म्हणतात. डब्यात पडलेल्या चिठ्ठ्या उघडल्या की त्याच प्रश्नाला निम्म्याहून जास्त 'नाही' निघतात. कोणाचं अक्षर आहे ते शोधू नका. मोठ्याने वाचा आणि थांबा. आपल्याच खोलीत हे 'नाही' आहे, एवढं सगळ्यांना ऐकू येऊ द्या.

ट्रॅक्टरच्या प्रश्नावर मात्र वेगळं बोलावं लागतं. तिथे 'नाही' लिहिणारीचं बरोबर आहे. ज्याला झटके येतात त्याने गाडी चालवू नये. लायसन्ससाठी भरायच्या नमुना १ मध्येच फिटचा प्रश्न असतो. म्हणजे एक 'नाही' भीतीपोटी येतो आणि दुसरा काळजीपोटी, चिठ्ठीवर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. जेवणाचंही तसंच. त्या बाईच्या हातचं खाल्ल्याने कोणाला काही होत नाही. पण तिने एकटीने पेटत्या चुलीपुढे बसू नये, कारण झटका आला तर ती पुढे जाळावर पडते. भाजलेले हात आणि चेहरे मी बघितले आहेत. पेशंटला सगळ्यातून वगळायचं नाही आणि 'काही होत नाही' म्हणून मोकळंही सोडायचं नाही, हे ताईंच्या मनात नीट बसेपर्यंत बैठक संपवू नका.

आजार काय आहे, ते सांगताना मी विजेच्या डीपीचं उदाहरण देते. मेंदूतल्या पेशी बारीक विजेवर एकमेकींशी बोलतात. डीपीवर एकदम लोड आला की गावभर दिवे लुकलुकतात, तसं मेंदूत थोडा वेळ होतं. गावभर झालं तर सगळं अंग झटके देतं, एका गल्लीपुरतं झालं तर फक्त हात उडतो किंवा माणूस नुसता बघत राहतो. याचा वेडेपणाशी संबंध नाही. पाप-पुण्याशीही नाही.

घरात पाऊल टाकल्यावर

फाटकातून "फिटवाली कुठंय?" अशी हाक मारणारे कर्मचारी मी पाहिले आहेत. त्या एका हाकेने सहा महिन्यांचं काम पाण्यात जातं. आजाराला त्या घरात काय म्हणतात ते आधी कान देऊन ऐका. कोणी फेफरं म्हणतं, कोणी मिरगी, आकडी, झटका, नुसतं 'ते'. सासरी असलेली सून बहुतेक वेळा 'चक्कर' म्हणते. जो शब्द त्यांचा तोच आपण वापरायचा. 'अपस्मार' हा शब्द कागदावर ठीक आहे. सून, मोठी झालेली मुलगी, लग्नाला आलेला मुलगा यांच्याशी दोन शब्द एकट्याने बोलायला मिळतील असं बघा. वजन करायच्या किंवा रक्तदाब मोजायच्या निमित्ताने बाजूला घेता येतं.

पहिला प्रश्न आजाराचा नको. "शेवटचा झटका आला तेव्हा जवळ कोण होतं?" असं विचारा आणि जे होतं त्याला बोलवा. पेशंटला स्वतःला काही आठवत नसतं, खरी माहिती बघणाऱ्याकडे असते. तो काय करत होता, आधी काही वेगळं वाटलं का, कोणत्या बाजूने सुरू झालं, मान आणि डोळे कुठे वळले, डोळे उघडे होते की मिटलेले, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, शुद्ध आल्यावर गोंधळलेला होता का, किती वेळ झोपला. डॉक्टरांना या गोष्टी कोणत्याही तपासणीइतक्या उपयोगी पडतात. आता प्रत्येक घरात मोबाईल आहे. पुढच्या वेळी एकाने पेशंटजवळ बसायचं आणि दुसऱ्याने व्हिडिओ घ्यायचा, असं सांगून ठेवा. तो व्हिडिओ फक्त डॉक्टरांना दाखवायचा, गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही, हेही बजावून सांगा.

ज्याला कोणी फिट म्हणत नाही तेही शोधावं लागतं. एका घरात दहावीतल्या मुलीवर आई रोज ओरडायची, कारण सकाळी तिच्या हातातून चहाचा कप उडायचा. धांदरट म्हणून मार खायची. जागरण झालं की जास्त. ते तिचे झटकेच होते, आणि पहिली मोठी फिट परीक्षेच्या अभ्यासाने रात्रभर जागल्यावर आली. दुसरा एक मुलगा वर्गात मध्येच थांबून ओठ चाटायचा, शर्टाची बटणं चाचपत राहायचा, हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. गुरुजी म्हणायचे लक्ष नाही. म्हणून "फिट येते का?" यावर थांबू नका. "हात उडतो का? मध्येच हरवल्यासारखा होतो का? भांडी पडतात का?" हेही विचारा. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा अशा लेकरांची नावं आधीच काढून ठेवा. त्यांच्या तपासणीच्या यादीत झटक्यांचा आजार आहे.

आणि ताप चढल्यावर फिट आलेलं सहा महिने ते पाच वर्षांचं लेकरू असेल तर घरच्यांना धीर द्या, दवाखान्यात पाठवा. त्यातल्या बहुतेकांना पुढे हा आजार होत नाही.

"आणखी कुठे कुठे दाखवलं?"

हा प्रश्न मी नेहमी अगदी सहज विचारते, बाजाराला कुठे जाता असं विचारावं तसा. देवरशी, भगत, अंगारा, ताईत, अमावस्येची वारी, सगळं बाहेर येतं. चेहऱ्यावर आठी आणू नका. तुम्ही ताईताला नावं ठेवली की ते ताईत लपवतात आणि त्याबरोबर गोळ्या बंद केल्याचंही लपवतात. एका आजींनी मला शेवटी सांगितलं, "देवरशी म्हणला, औषध सोडल्याबिगर गुण यायचा नाही. म्हणून सोडलं." तोवर नातवाला आठवड्यात तीन झटके येऊन गेले होते. मी एवढंच म्हटलं, "आजी, ताईत राहू द्या. गोळी पण राहू द्या. दोन्हीचं भांडण नाही." ताईत अजून त्याच्या दंडावर आहे आणि मुलगा आयटीआयला जातो.

मारहाण, डाग देणं, मिरचीची धुरी देणं, साखळीने बांधणं मात्र जराही चालवून घेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरच्यांना धमकी म्हणून नाही, पण स्पष्ट शब्दांत सांगा, आणि ऐकत नसतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा.

कांदा-चपलेवरचा विश्वास तोडायला मी वाद घालत नाही. घड्याळ लावायला सांगते. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधायला, फोडायला, नाकाशी धरायला दीड-दोन मिनिटं जातात, आणि तेवढ्यात झटका संपतो. श्रेय कांद्याला मिळतं. "पुढच्या वेळी काही हुंगवू नका, फक्त वेळ बघा आणि मला सांगा," एवढं काम एका काकांना दिलं. महिन्याने ते स्वतः उपकेंद्रावर आले. "दोन मिनिटं दहा सेकंद, सिस्टर. आपोआप राहिलं." त्यानंतर त्या भावकीत कांदा बंद झाला. मी दहा वर्षं बोलून जे झालं नाही ते त्यांच्या मोबाईलच्या घड्याळाने केलं.

झटका चालू असताना

तोंडात काही नाही, हातात काही नाही, नाकाला काही नाही. हे तीन 'नाही' पाठ करून घ्या आणि मग सतरंजीवर सराव करा. निम्म्या जणींनी आडवं व्हायचं, निम्म्यांनी हात चालवायचे, मग उलट.

जवळचे दगड, विळी, गरम भांडं दूर करा. चुलीजवळ, विहिरीच्या काठावर किंवा रस्त्यावर असेल तर तिथून सरकवा. एरवी जागेवरून हलवू नका. डोक्याखाली ओढणी, टॉवेल, काहीही मऊ सरकवा. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, चष्मा काढा. वेळ बघा. हात-पाय दाबून धरू नका, त्याने झटका लवकर थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो. जीभ गिळली जाईल ही भीती खोटी आहे, जीभ गिळता येत नाही. चावली जाते, ती भरूनही येते. झटके ओसरायला लागले की कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली, म्हणजे लाळ आणि फेस बाहेर येईल. पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतः नीट बोलेपर्यंत पाण्याचा थेंबही नको. गर्दी हटवा. बाईमाणूस असेल तर अंगावर चादर टाका. कपड्यात लघवी झालेली चारचौघांनी पाहिली, याची लाज झटक्यापेक्षा जास्त दिवस टिकते, हे मला अनेकींनी सांगितलं आहे.

१०८ ला फोन कधी? पाच मिनिटांत थांबला नाही तर. शुद्धीवर न येता दुसरा आला तर. आयुष्यातला पहिलाच असेल, पाण्यात आला असेल, डोक्याला मार लागला असेल, श्वास नीट चालत नसेल तर. आणि गरोदर बाईला आला तर एक मिनिटही वाट बघू नका, तो रक्तदाबाचा झटका असू शकतो आणि त्यात आई आणि बाळ दोघंही जातात. काही पेशंटना डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिलेला असतो. तो घरात कुठे ठेवला आहे आणि कोणाला वापरता येतो, हे आधीच विचारून ठेवा. शेजारच्या घरातल्या एकाला तरी येत असावं.

गोळ्या मोजा

"घेतो ना?" हा प्रश्न सोडून द्या. "पाकीट दाखवता का?" म्हणा आणि मोजा. महिन्याच्या ६० गोळ्यांपैकी २० तारखेला ४५ शिल्लक असतील तर बोलण्यासारखं काहीतरी आहे. आता रागावू नका. "कोणत्या दिवशी राहते?" असं विचारलं की कारण सापडतं.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे झटके थांबले. सहा महिने काही झालं नाही, आजार गेला, गोळी बंद. एकदम गोळी बंद केली की झटका परत येतो, आणि कधीकधी असा येतो की थांबतच नाही. निदान दोन वर्षं एकही झटका आला नाही तर गोळी कमी करायचा विचार डॉक्टर करतात, तोही हळूहळू आणि प्रत्येकाच्या बाबतीत नाही. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. नंतर सांगितली तर फसवल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण आमच्या भागातलं. दसरा झाला की कोयता घेऊन माणसं ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. कोपीत राहायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं, झोपेचे तुकडे. झोप मोडणं आणि गोळी चुकणं, झटका आणणाऱ्या या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. फिटच्या पेशंटची वेगळी यादी ठेवा आणि टोळ्या निघायच्या महिनाभर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या मिळवून द्या. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, हे चिठ्ठीवर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेशंटच्या खिशात द्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती चिठ्ठी दाखवली की गोळी मिळायला सोपं जातं. मुकादमाला सांगायचं की नाही, ते पेशंटवर सोडा. उचल मिळणार नाही ही त्याची भीती खरी असते. पण टोळीतल्या एका विश्वासाच्या माणसाला झटक्यात काय करायचं ते शिकवूनच पाठवा.

तिसरं म्हणजे उपास. घट बसले की नऊ दिवस गोळी नाही, हरतालिकेला तर पाणीही नाही. इथे आपण बोलण्यापेक्षा घरातल्या थोरल्या बाईला बोलू द्या. "औषधाने उपास मोडत नाही" हे सासूच्या तोंडून आलं की सुनेला धीर येतो. मी आधी सासूशी बोलते, मग सुनेशी. गोंधळ-जागरणाला जायचं असेल तर दुपारी झोप काढून जावं आणि मध्यरात्रीच्या आत परत यावं.

एखादी गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यावी, पण पुढची वेळ झाली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. एप्टॉइनने (म्हणजे फेनिटॉइनने) हिरड्या सुजतात आणि फुगतात, म्हणून दात रोज नीट घासायला सांगा. कोणतीही नवी गोळी सुरू झाल्यावर अंगावर पुरळ आलं तर लगेच दवाखाना. कंपनी बदलली की गोळीचा रंग-आकार बदलतो आणि माणसं घाबरून बंद करतात, तेव्हा पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचून दाखवा. टीबीची औषधं सुरू झालेल्याला फिटची गोळी चालू आहे, हे त्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे, कारण त्याने फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वरखाली होतं. माला-एन वाटताना हे विचारायला आपण हमखास विसरतो: फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांपैकी काही चालू असेल तर पाळणा लांबवायच्या गोळीचा भरवसा राहत नाही. तिला तांबी जास्त चांगली.

औषधं साधीच आहेत आणि जुनी आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. कर्नाटकातल्या येळंदूरच्या ग्रामीण भागात याच दोन स्वस्त औषधांवर पेशंटना वर्षानुवर्षं सांभाळून दाखवलं गेलं, त्याचा अहवाल २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट निदान-उपचार झाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. हे आकडे मी घराघरात सांगते. "जन्माचा भोग आहे" म्हणून बसलेल्या आईला १० पैकी ७ हा आकडा कळतो.

उरलेल्या तिघांनाही सोडून द्यायचं नाही. दोन औषधं पुरेशी देऊनही झटके थांबत नसतील तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा. उपकेंद्रावरून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. काहींना शस्त्रक्रियेने आराम पडतो. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढायला जाताना डोकं धुऊन, तेल न लावता जायचं. ईईजी चांगला आला म्हणजे आजार नाही, असं नसतं.

फोटोत मेंदूत गाठ दिसली आणि डॉक्टरांनी 'किडा' म्हटलं तर माळकरी घरात फार अपमान वाटतो. "आम्ही मांस शिवत नाही, आमच्या पोराच्या डोक्यात डुकराचा किडा?" त्यांना सांगा, पोटात हा पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी मातीत आणि पाण्यात जातात, तिथून न धुतलेल्या भाजीवर आणि हातांवर. शाकाहारी माणसालाही होतो. अशा पेशंटने जंताची गोळी स्वतःहून घेऊ नये, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

लग्नाचं बोलणं

तांदळाच्या डब्यात गोळ्या लपवणारी एक सून माझ्या यादीत होती. माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं. डब्याला हात लावायची संधी मिळेल त्या दिवशी गोळी, नाहीतर नाही. चौथ्या महिन्यात झटका आला आणि मग आजारापेक्षा फसवणुकीचं भांडण मोठं झालं.

म्हणून आईवडिलांशी लग्नाच्या आधीच बोला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येणाऱ्या कारणांमध्ये होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. विशेष विवाह कायद्यातूनही काढला. आता केवळ फिट येते म्हणून लग्न रद्द होत नाही. हे फार थोड्या लोकांना माहीत आहे, आपल्या कर्मचाऱ्यांनासुद्धा. सांगून केलेलं लग्न जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे. बोलणी चालू असताना मुलाकडच्यांना घेऊन आई दवाखान्यात आली तर त्यांना बसवा आणि त्यांचे सगळे प्रश्न ऐका. बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो, "पोरांना होईल का?" बहुतेकींची बाळं निरोगी असतात.

पण त्यासाठी दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना भेटायला हवं. सोडियम व्हॅलप्रोएट या औषधाने पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा आणि पुढे त्याची समज मागे पडण्याचा धोका जास्त असतो. मुलगी वयात आली की तिचं औषध कोणतं आहे ते बघा आणि हे असेल तर लग्नाची वाट न बघता डॉक्टरांकडे विषय काढा. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून लागतं. दिवस राहिल्यावर घाबरून गोळी बंद करणं हे सगळ्यात वाईट. बाळंतपण दवाखान्यातच करा. त्यानंतर बाळाला अंगावर पाजता येतं, फक्त जमिनीवर बसून पाजावं आणि बाळाला एकटीने अंघोळ घालू नये. आईची झोप पुरी व्हायला हवी, म्हणून रात्री कोणीतरी सोबत उठावं.

बैठक संपल्यावर

सराव झाला, चिठ्ठ्या वाचून झाल्या की लगेच बॅग उचलू नका. सतरंजी घडी करायला वेळ लावा. कोणीतरी एक जण मागे राहते. कधी तिच्या भावाचं असतं, कधी नवऱ्याचं. मागच्या वर्षी एक ताई राहिली, बारा वर्षं आशाचं काम करणारी. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "सिस्टर, गोळी मलाच चालू आहे. रजिस्टरमध्ये माझं नाव मीच लिहिलं नाही." लग्नाच्या चिठ्ठीवर तिने स्वतःसुद्धा 'नाही' लिहिलं होतं.

मी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजची घेतलीस का?" घेतली नव्हती. पर्समध्ये होती, पण सगळ्यांसमोर काढता आली नव्हती. मी तिला पाण्याचा ग्लास आणून दिला.